पैनगंगेच्या अल्याड-पल्याड

आमच्याकडच्या जुन्या माणसांना वय विचारलं तर आकडा मिळत नसे. 'रझाकारात मी पाळण्यात होतो', 'पुलीस अ‍ॅक्शनच्या वक्ताला माझी सोयरीक झाली', असं उत्तर यायचं. निराधार योजनेचा अर्ज भरताना हिमायतनगरच्या तहसीलमधल्या कारकुनाला त्यावरून साल काढावं लागे, आणि तो ते बिनचूक काढायचा. पंधरा ऑगस्टचा हवाला मात्र कुणी देत नसे. त्याला कारण होतं. पंधरा ऑगस्ट १९४७ ला आमच्या गावात काहीच घडलं नव्हतं. जे घडलं ते नदीच्या पल्याड, उमरखेडला.

हिमायतनगर म्हणजे जुनं वाढोणा. म्हातारी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. महाशिवरात्रीला परमेश्वराची जत्रा भरते तीही 'वाढोण्याची जत्रा'. इथून उत्तरेला पैनगंगा लागते. आज ती नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांची शीव आहे. तेव्हा ती दोन राज्यांची सरहद्द होती. अल्याड निजामाचं हैदराबाद, पल्याड वऱ्हाड म्हणजे हिंदुस्थान. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, गुरं सहज उतरून जायची. आजीचं माहेर पल्याडचं, त्यामुळे पंधरा ऑगस्टला तिचे भाऊ स्वतंत्र झाले आणि ती झाली नाही. हे सांगताना तिला हसू यायचं.

हैदराबाद ही काही लहानसहान जहागीर नव्हती. दीड कोटीच्या वर प्रजा, सोळा जिल्हे, स्वतःची फौज, रेल्वे, टपाल आणि नाणं. आमच्या घरात अजून एक हाली रुपया आहे. त्यावर चारमिनार, बाकी उर्दू-फारसी अक्षरं. पल्याडचा रुपया तो कलदार. सहा कलदार म्हणजे साधारण सात हाली, हा हिशेब आमच्या आबांना झोपेतही यायचा. उमरखेडच्या बाजाराला जायचं तर एका गाठीला हाली आणि दुसऱ्या गाठीला कलदार बांधून. वाटेत करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं नाकं. तिथला जवान कुठल्या गाठीला हात घालील याचा नेम नसे.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपण भारतात किंवा पाकिस्तानात जाणार नाही असं फर्मान काढलं. हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टपासून सत्याग्रह सुरू केला आणि १५ ऑगस्टला तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. इथवरचं पाठ्यपुस्तकात आहे, शिक्षकही तिथवरच घाईघाईने शिकवतात. पुढच्या तेरा महिन्यांत राज्य चालवत कोण होतं, हा खरा प्रश्न आहे.

२७ ऑक्टोबर १९४७ ची गोष्ट घ्या. संस्थानचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सल्लागार वॉल्टर मॉंक्टन आणि सुलतान अहमद हे भारताशी करायच्या जैसे थे कराराच्या वाटाघाटींसाठी दिल्लीला निघणार होते. पहाटे रझाकारांच्या, म्हणजे निजामाचं राज्य राखायला उभ्या राहिलेल्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या जमावाने त्यांची घरं वेढली आणि त्यांना निघूच दिलं नाही. ज्या राज्याच्या पंतप्रधानाला स्वतःच्या दारातून बाहेर पडता येत नाही, त्या राज्यात वाढोण्याच्या पाटलाने कुणाच्या भरवशावर राहायचं? छत्तारी गेले, लायक अली आले. करार २९ नोव्हेंबरला झाला, पण तोवर सत्तेची दोरी रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवीच्या हातात गेली होती. हा रझवी लातूरचा वकील. आसफजाही झेंडा लाल किल्ल्यावर लावण्याची भाषा करणारा माणूस आमच्याच मराठवाड्यात कोर्टकचेऱ्या करत होता, हे लातूरकर फारसे सांगत नाहीत.

आबा म्हणायचे, "अमीनाला हात जोडले तर काम व्हायचं, न्हाईतर चार पैसे द्यायचे. रझाकार आला तर कुणाला हात जोडावं तेच उमगंना." अमीन म्हणजे फौजदार. तो जुलमी असला तरी त्याचा वरिष्ठ कोण हे माहीत होतं, रीत माहीत होती, दरही माहीत होता. खाकी कपड्यातल्या, खांद्यावर भरमार बंदूक टाकलेल्या पोरांना ना रीत होती ना वरिष्ठ. त्यांतली काही ओळखीचीच, बाजारात पान खाताना भेटणारी. गावाचा धीर सुटला तो त्यामुळे. रयतेला वाईट राज्य सोसता येतं, पण राज्य कुणाचं आहे तेच कळेना झालं की ती गाव सोडते. काठावरची कितीतरी कुटुंबं तेव्हा रातोरात बैलगाडी जुंपून उमरखेड, पुसदकडे गेली. आमच्या घरातली बायकापोरं आजीच्या माहेरी गेली. आबा मात्र राहिले, कारण ज्वारी उभी होती.

जाण्याआधी आजीने पेव भरलं. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं खोल तळघर, तोंड माणूस उतरेल एवढंच. तळाला कडबा अंथरला, त्यावर ज्वारी, ज्वारीत पितळेची भांडी आणि एका तपेल्यात दागिने. वर फरशी, फरशीवर शेण-माती, आणि त्यावर गाय बांधली. रझाकार दोनदा आले, लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या नावाने कणगी रिकामी करून गेले. गाईने आपली जागा सोडली नाही.

सरहद्दीच्या पल्याड स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. सोलापूर, बार्शी, मनमाड, चांदा आणि आमच्या जवळचा उमरखेडचा. कॅम्पातली पोरं रात्री नदी ओलांडून यायची. नाकी जाळायची, पटवाऱ्याचं दप्तर पेटवायची, आबकारीचं उत्पन्न बुडावं म्हणून शिंदीची झाडं तोडायची. दिवस उजाडला की रझाकार नाहीतर पोलीस येऊन गावाला जाब विचारायचे. हा मधला मार गावाने खाल्ला. तो कुठल्याही ताम्रपटावर नाही. आता मात्र आमच्या पट्ट्यात असं घर सापडणार नाही, जिथल्या आजोबांनी कॅम्पातल्या पोरांना भाकरी दिली नव्हती. सगळं खरं मानलं तर ती पोरं लढून नव्हे, अजीर्णाने गेली असती.

पण ज्यांनी जीव दिला त्यांची गोष्ट वेगळी. हिमायतनगरच्या महाविद्यालयाला हुतात्मा जयवंतराव पाटलांचं नाव आहे. तिथे शिकणाऱ्या किती मुलांना ते कोण होते हे माहीत आहे, एकदा विचारून पाहा. गोविंदराव पानसरे बिलोलीकडच्या अर्जापूरजवळ १९४६ मध्येच मारले गेले. (कोल्हापूरचे कॉम्रेड पानसरे ते वेगळे.) कल्हाळीच्या गढीत आप्पासाहेब नाईक आणि त्यांचे साथीदार लढता लढता पडले. आणि उमरीची बँक. तारीख ३० जानेवारी १९४८. उमरी ही कापसाची पेठ, म्हणून बँकेत रोकड. कॅम्पातल्या तरुणांनी ती बँक लुटली आणि वीस लाखांवर रक्कम सरहद्दीपल्याड नेली. तो पैसा चळवळीला लागला आणि त्याचा हिशेब ठेवला गेला, ही गोष्ट आमच्याकडे लुटीपेक्षा जास्त अभिमानाने सांगतात. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बाजारात दोन्ही बातम्या एकदमच आल्या, आणि आनंद करावा की रडावं हे लोकांना कळलं नाही, असं आबा सांगायचे.

मग हिंदुस्थान सरकारची नाकेबंदी आली. मीठ आणि रॉकेल मिळेना. आजी माहेरहून येताना लुगड्याच्या ओच्यात मीठ घेऊन यायची. घाम आला की मीठ पाझरायचं आणि पोट चुरचुरायचं. इकडे मिठाची ही तऱ्हा, तर तिकडे सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानं भरभरून शस्त्रं बिदर आणि वरंगळच्या धावपट्टीवर उतरवत होता. ऑगस्टमध्ये हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिलं हा त्यांचा गुन्हा. रझाकारांनी मारलेल्यांत मुसलमानही होता, हे सतरा सप्टेंबरच्या, मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत मी क्वचित ऐकलंय.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा शिरल्या. हीच ती पुलीस ॲक्शन. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी निजामाचे सेनापती अल इद्रूस यांनी हिंदी फौजेच्या जनरल चौधरींपुढे रीतसर शस्त्रं ठेवली. पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेत हैदराबादच्या तक्रारीची सुनावणी पुढे सरकेपर्यंत इकडे कारभार आटोपला होता. आमच्या गावात लढाई झालीच नाही. वरून विमान गेलं आणि चार दिवसांनी लष्कराची गाडी आली, एवढंच.

आबांची गोष्ट इथे थांबायची. "पुढचं ऱ्हाऊ दे," म्हणायचे आणि चंची उघडायचे.

पुढचं आजीने सांगितलं, तेही आबा गेल्यावर. आमच्या माळ्यावर एक मोठं तांब्याचं पातेलं होतं. काठाला उर्दू अक्षरं कोरलेली. लग्नाकार्याला गावभरची भांडी गोळा व्हायची, पण ते कधी खाली उतरलं नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ते आपलं नव्हे. ॲक्शननंतरच्या आठवड्यात घरं फुटली. खाकी घालून मिरवलेले पळून गेले होते. सापडले ते तांबोळी, अत्तार, पिंजारी, ज्यांनी बंदुकीला हातही लावला नव्हता. आमच्या भावकीतल्या कुणीतरी ते पातेलं आणून दिलं. आणि ज्यांचं ते होतं, त्या घरातले दोघे कुठे होते? आमच्या पेवात. आबांनी उतरवले होते. वर तीच गाय. तीन-चार दिवसांनी रात्री त्यांना बाहेर काढून वाटेला लावलं. ते परत आले नाहीत, म्हणून पातेलं राहिलं.

हे फक्त आमच्या गावात झालं असं नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून सरकारला अहवाल दिला. ॲक्शनच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या त्यांनी किमान सत्तावीस ते चाळीस हजार धरली. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यात आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

रझाकारांचा जुलूम खरा, हुतात्मे खरे, आणि फौज आली नसती तर आमचं काय झालं असतं याचा विचारही नको. पण त्यामुळे नंतरचं खोटं ठरत नाही. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच: मधल्या काळात कायदा कुणाच्याच हातात नव्हता. आधी तो एकांनी रस्त्यावर आणला, नंतर दुसऱ्यांनी. एक अर्धा भाग भाषणात सांगायचा आणि दुसरा माळ्यावर ठेवायचा, हा इतिहास नव्हे.

१९४८ साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीकडे झुकलंय. हदगाव, भोकर, किनवट, हिमायतनगरच्या खेड्यांत अशी माणसं अजून आहेत, पण दरसाल कमी होताहेत. येत्या सतरा सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर त्यांच्यापैकी एकाच्या ओसरीवर जाऊन बसा. रझाकारातलं विचारा आणि ॲक्शननंतरचंही विचारा. मोबाईलवर टेप करा. आणि 'पुढचं ऱ्हाऊ दे' म्हणाले, तर तिथे मोबाईल बंद करू नका.