प्रोस्टेटच्या आकाराचा स्पर्शाने अंदाज : वैद्यकीय अध्यापन

प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथी किती वाढली आहे, हे गुदद्वारातून तर्जनीने चाचपून सांगता येणे हे एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने शल्यचिकित्सेत शिकायचे कौशल्य आहे. वॉर्डात या तपासणीला ‘पी.आर.’ म्हणतात. २०१९च्या तुकडीपासून देशभर लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात ही तपासणी मॅनिकिनवर किंवा तत्सम साधनावर करून दाखवणे अपेक्षित आहे. सुरुवात म्हणून हे योग्यच आहे, पण आकाराचा अंदाज तेवढ्याने हाताला येत नाही.

ग्रंथी मूत्राशयाच्या तळाशी मूत्रमार्गाभोवती असते आणि तिची मागची बाजू गुदाशयाला लागून असते, म्हणून ती बोटाला लागते. तरुण पुरुषात तिचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत साधी, कर्करोग नसलेली वाढ आढळते. लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे, लघवी तुंबणे अशा तक्रारी घेऊन हे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येतात.

तपासणीपूर्वी रुग्णाने लघवी करून यावे. मूत्राशय भरलेले असल्यास ग्रंथी आहे त्याहून मोठी भासते. “काका, डाव्या कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, तोंडाने श्वास सोडा” एवढे सांगून जेली लावलेले बोट आधी गुदद्वारावर टेकवायचे आणि स्नायू सैल पडू द्यायचा. मग मधली खाच, दोन्ही बाजूंचे खंड आणि वरची कड, या क्रमाने चाचपायचे. वरच्या कडेपर्यंत बोट पोचले नाही तर तशी नोंद करावी. ग्रंथी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूइतकी लवचिक लागली तर वाढ बहुधा साधी असते. बोटाच्या पेरासारखी टणक गाठ कर्करोगाचा संशय घ्यायला लावते. ताप आणि तीव्र जंतुसंसर्ग असताना ग्रंथी चोळू नये, जंतू रक्तात जाऊ शकतात.

खरी अडचण आकारमानाची आहे. सोनोग्राफीत लांबी, रुंदी आणि जाडी यांच्या गुणाकाराला ०.५२ने गुणून ते काढतात. ५, ४.५ आणि ४ सेंमी अशी मापे असतील तर उत्तर सुमारे ४७ घन सेंमी येते. बोटाला रुंदी कळते, लांबी बरीचशी कळते, पण जाडी कळतच नाही. ती ३ सेंमी धरली तर तीच ग्रंथी ३५ची होते. मूत्राशयात वर घुसलेला मधला खंडही बोटाला लागत नाही. त्यामुळे मोठ्या ग्रंथीचा अंदाज सहसा कमी येतो, आणि ग्रंथी जितकी मोठी तितकी ही चूक वाढते. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड यांसारखी औषधे मोठ्या ग्रंथीतच गुण देतात. दुर्बिणीची नेहमीची शस्त्रक्रिया साधारण ८० घन सेंमीपर्यंत सोयीची. त्यापुढे लेझरने गाभा सोडवणे किंवा उघडी शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. तेव्हा ‘ग्रेड दोन’ एवढीच नोंद अपुरी आहे. ग्रेडची मोजपट्टी प्रत्येक शिक्षकागणिक बदलते. घन सेंमीतला आकडा निदान पडताळता येतो.

हात तयार होण्यासाठी वेगवेगळ्या मापांची प्रतिकृती-ग्रंथी वापरतात : २०, ४०, ६०, ८० घन सेंमीच्या ग्रंथी डोळ्यांआड चाचपायच्या, आकडा सांगायचा, मग खरा आकडा पाहायचा. वॉर्डातही हाच शिरस्ता हवा. विद्यार्थ्याने केसपेपरवर आपला आकडा आधी लिहावा आणि त्यानंतरच सोनोग्राफीचा अहवाल उघडावा. अहवाल आधी वाचला की बोटाला तोच आकडा लागू लागतो आणि शिकणे तिथेच थांबते.

रुग्णाची संमती, पडदा आणि सोबत सहकारी या गोष्टी तपासणीचाच भाग आहेत. भूल दिलेल्या रुग्णावर ही तपासणी शिकवायची असेल तर संमती भूल देण्यापूर्वी घ्यावी लागते. एकाच रुग्णाची अनेक विद्यार्थ्यांनी रांगेने तपासणी करणे हे अध्यापन नव्हे. नकार दिल्याने उपचारांत काहीही फरक पडणार नाही, हे रुग्णाला आधी आणि त्याच्या भाषेत सांगावे.