नवापूर
महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. तापीची उपनदी रंगावली हिच्या काठी, गुजरातच्या सीमेलगत वसलेले. धुळे–सुरत महामार्ग गावाजवळून जातो. तालुक्यात भिल्ल, मावची, कोकणा अशा आदिवासी समाजांची वस्ती मोठी असून मावची बोली आजही घराघरांत बोलली जाते. १ जुलै १९९८ पर्यंत नवापूर धुळे जिल्ह्यात होते.

गावाची खरी खूण म्हणजे सुरत–भुसावळ मार्गावरील रेल्वेस्थानक. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि नवी सीमारेषा थेट फलाटावरून गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. सीमेवरच्या बाकड्याच्या एका अर्ध्यावर ‘महाराष्ट्र’, दुसऱ्यावर ‘गुजरात’ असे रंगवलेले आहे. मधोमध बसणारा प्रवासी एकाच वेळी दोन्ही राज्यांत असतो. उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत होतात.

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक येथील कुक्कुटपालन केंद्रांत आढळला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि गावाचा हा मोठा धंदा कोलमडला. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीच्या पुराने काठच्या वस्त्यांत शिरून जीवितहानी केली.