बाल न्याय कायदा (भारत)

बाल न्याय कायदा : अठरा वर्षांखालील मुलांच्या हातून घडलेले गुन्हे आणि निराधार मुलांची काळजी, या दोन्हींसाठीचा केंद्रीय कायदा. पूर्ण नाव ‘बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५’. १५ जानेवारी २०१६ पासून लागू.

मुंबई प्रांतात मुलांसाठीचा वेगळा कायदा १९२४ सालचा. मुंबईतील डोंगरीच्या ज्या तुरुंगात १८८२ साली टिळक-आगरकरांनी शिक्षा भोगली, त्याच आवारात पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने मुलग्यांना सोळा आणि मुलींना अठरा वर्षांपर्यंत संरक्षण दिले. २००० साली दोघांनाही अठराची मर्यादा लागू झाली.

डिसेंबर २०१२ च्या दिल्ली अत्याचार प्रकरणातील एक आरोपी अठराच्या आतला होता. त्याला विशेष गृहात (दोषी ठरलेल्या मुलांच्या सुधारणेसाठीच्या निवासी संस्थेत) तीन वर्षे ठेवण्याचा आदेश झाला आणि देशभर संताप उसळला. वयाची मर्यादा खाली आणू नये, असे त्या प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने म्हटले होते. तरीही २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास त्याला प्रौढ म्हणून खटल्याला सामोरे जावे लागण्याची वाट खुली केली. त्याआधी बाल न्याय मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासते. पुण्यात २०२४ साली एका अपघात प्रकरणात अल्पवयीन आरोपीच्या जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध आला, तेव्हा वयाचा वाद पुन्हा पेटला. दरवेळी चर्चा वयापाशीच अडकते. कायद्याचा खरा जीव मात्र दुसरीकडे आहे.

किरकोळ गुन्ह्यात सहसा एफआयआर होत नाही. पोलीस डायरीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, चोवीस तासांत मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक महिला. बैठक उंच व्यासपीठावर नसते, आरोपीचा पिंजराही नसतो. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देतो : शाळा का सुटली, घरात कमावते कोण, संगत कुणाची, व्यसन आहे का. मूल पुन्हा त्याच वाटेला लागेल की नाही, हे बरेचसे या अहवालावर आणि त्यानंतरच्या पाठपुराव्यावर ठरते. गृहभेट न देता, साच्यातली उत्तरे भरून दिलेला अहवाल मंडळाच्या काहीच कामाचा नसतो. समज देऊन पालकांच्या ताब्यात देणे, समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा हे मार्ग मंडळापुढे असतात. विशेष गृहातील मुक्काम जास्तीत जास्त तीन वर्षांचा.

कलम २४ नुसार दोषी ठरल्यामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट केल्या जातात. प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्यांना ही सवलत नाही.