राजनायकनला दीक्षा का मिळाली नाही?

प्लेनोत राहत असाल, तर शाळेच्या किंवा ग्रोसरीच्या वाटेवर एखादं लुथरन चर्च तुम्हाला दिसतच असेल. हिरवळ, भलंमोठं पार्किंग, रस्त्याकडेला पाटी. पाटीवर रविवारच्या उपासनेच्या वेळा आणि खाली पाळकाचं, म्हणजे पास्टरचं, नाव. आपण गाडीतून बघतो आणि पुढे जातो. मला मात्र त्या शेवटच्या ओळीबद्दल कुतूहल आहे. ते नाव तिथे येतं कसं?

समजा, तुमच्या वर्गातल्या कुणाला लुथरन पाळक व्हायचंय. आधी कॉलेजची चार वर्षं. मग सेमिनरीत साधारण आणखी चार. तिथे बायबलसाठी ग्रीक आणि बहुतेक ठिकाणी हिब्रूही शिकायची, चर्चचा इतिहास वाचायचा, प्रवचन द्यायला शिकायचं. त्यातलं एक वर्ष एखाद्या मंडळीत अनुभवी पाळकाच्या हाताखाली काढायचं. डॉक्टर होणाऱ्या मुलांची इंटर्नशिप असते ना, तसंच काहीसं. काही लुथरन चर्चेस हॉस्पिटलमध्ये आजारी माणसांजवळ बसण्याचं रीतसर प्रशिक्षणही सक्तीचं करतात आणि उमेदवाराची मानसशास्त्रीय तपासणीही करून घेतात. मधूनमधून समितीसमोर मुलाखती असतातच. एच-वन-बीची कागदपत्रं जमवणाऱ्या घरात वाढलेल्या तुम्हाला हे सगळं फार परकं वाटू नये.

पण इतकं सगळं करूनही माणूस पाळक होत नाही. त्यासाठी एखाद्या मंडळीकडून किंवा चर्चकडून बोलावणं यावं लागतं. १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लुथरन लोकांच्या मूळ श्रद्धापत्रात, चौदावं कलम अगदी छोटं आहे. रीतसर बोलावणं असल्याशिवाय कुणी चर्चमध्ये जाहीरपणे शिकवू नये आणि संस्कार देऊ नयेत, एवढाच त्याचा आशय. मार्टिन लूथरचं म्हणणं होतं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण देवापुढे सारखाच. पाळक काही वेगळ्या मातीचा नसतो. सगळ्यांच्या वतीने एक काम करायला त्याला नेमलेलं असतं, आणि म्हणून ती नेमणूक उघडपणे, सगळ्यांच्या संमतीने व्हायला हवी.

ऐकायला किती छान लोकशाही! फक्त बोलावणारे कोण, यावर सगळं ठरतं. १९७०मध्ये अमेरिकेतल्या एका लुथरन चर्चने एलिझाबेथ प्लाट्झ यांना दीक्षा दिली आणि त्या शाखेत बायकांना दार उघडलं. मिझुरी सिनॉड या दुसऱ्या मोठ्या शाखेत ते आजही बंद आहे. टेक्ससमध्ये दोन्ही शाखांची चर्चेस आहेत. म्हणजे एकाच शहरातल्या दोन मुली सारखाच अभ्यास करतील, सारखंच ग्रीक घोकतील. एकीचं नाव पाटीवर लागू शकेल आणि दुसरीचं नाही.

आता तुम्ही विचाराल, याचा मराठीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो तंजावरमार्गे आहे.

तंजावर म्हटलं की आपल्या गप्पा सरस्वती महाल ग्रंथालयावर जातात, नाहीतर सांबाराच्या त्या गोष्टीवर, खरी असो वा खोटी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात तिथे भोसल्यांची गादी स्थापली आणि पुढे पावणेदोनशेच्या आसपास वर्षं कावेरीच्या काठी मराठी दरबार भरत राहिला. घरापासून लांब, भोवती दुसऱ्या भाषेचं जग, आणि घरात मराठी. तुमच्याआधीचे ‘बाहेरचे मराठी’ म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की ते राज्य करत होते.

या राज्याच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी नावाचं एक छोटं बंदर होतं. मराठे येण्याआधीच, १६२०मध्ये, तंजावरच्या नायक राजाने ते डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिलं होतं. त्यांनी त्याचं ट्रँकेबार केलं. पुढे मराठी राजे आले, तरी डॅनिश लोक त्या जागेसाठी दरसाल तंजावरला पैसे भरत राहिले. ९ जुलै १७०६ रोजी तिथे बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइन्रिश प्ल्युटशाउ हे दोन जर्मन तरुण उतरले. भारतातले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी ते हेच.

त्यांच्या स्वतःच्या दीक्षेची कथाही मजेदार आहे. डेन्मार्कच्या राजाला त्यांना पाठवायचं होतं, पण कोपनहेगनच्या बिशपला हाले गावाकडून आलेली ही ‘पायटिस्ट’ मंडळी पसंत नव्हती. पहिल्या परीक्षेत त्याने दोघांना नापास केलं. राजाने पुन्हा परीक्षा घ्यायला लावली, आणि मग दोघंही पास! वशिला युरोपातही चालायचा, दुसरं काय. त्सीगेनबाल्ग पुढे तरंगमबाडीत तमिळ मुलांच्या शाळेत त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून, वाळूत बोटाने अक्षरं गिरवून तमिळ शिकला. तमिळ नवा करार छापला. आणि १७१६मध्ये भारतीय उपदेशक तयार करण्यासाठी आठ मुलांची एक छोटी सेमिनरी सुरू केली.

शिक्षणाचा हा जिना कसा होता, ते नीट बघा. सगळ्यात खाली शाळामास्तर. त्याच्या वर उपदेशक: गावोगाव फिरायचं, शिकवायचं, आजाऱ्यांना भेटायचं, बाप्तिस्म्यासाठी लोकांची तयारी करून घ्यायची. पण प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला त्याने लोकांना द्यायचा नाही. तो अधिकार सगळ्यात वरच्या पायरीवरच्या, दीक्षा झालेल्या पाळकाचा. आणि त्या पायरीवर सत्तावीस वर्षं फक्त गोरे होते.

हे बदललं, त्यात मराठी दरबाराचाही हात आहे. तो मुद्दाम लावलेला नव्हता, एवढंच. तरंगमबाडीची हद्द संपली की तंजावरचं राज्य सुरू, आणि तिथे या गोऱ्या मिशनऱ्यांना मोकळेपणी फिरता येत नसे. खेड्यांमध्ये ख्रिस्ती वाढत होते, पण त्यांना संस्कार द्यायला कुणी जाऊ शकत नव्हतं. तमिळ माणूस मात्र जाऊ शकत होता. तेव्हा एका तमिळ उपदेशकाला दीक्षा द्यायचं ठरलं.

त्या वेळी दोन नावं विशेष होती. एक आरोन. मूळ नाव आरुमुगम, कडलूरच्या वेळ्ळाळ घराण्यातला, १७१८मध्ये बाप्तिस्मा घेतलेला, नंतर बरीच वर्षं उपदेशक. दुसरा राजनायकन. हा तंजावरच्या मराठी राजाच्या फौजेतला लहानसा अंमलदार, जन्माने परैयर, आणि आधीपासून रोमन कॅथलिक. मिशनच्या वृत्तांतात त्याची हकीकत आहे. १७२०च्या दशकात कुणाकडे तरी तमिळ शुभवर्तमानांचं छापील पुस्तक त्याच्या नजरेस पडलं. ते त्याने मागून घेतलं आणि ताडपत्रावर उतरवायला बसला. तरंगमबाडीत असली पुस्तकं छापूनच मिळतात हे त्याला नंतर कळलं. मग तो तिकडे पोचला, लुथरन झाला आणि फौज सोडून उपदेशक झाला. तंजावर भागात त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याच्यामुळे कितीतरी लोक मिशनकडे आले.

मला त्या ताडपत्राचं फार वाटतं. दिवसभर भोसल्यांची चाकरी करायची आणि उरलेल्या वेळात लेखणीने पानामागून पान कोरत बसायचं. याहून मोठी प्रवेशपरीक्षा कुठली सेमिनरी घेणार होती?

२८ डिसेंबर १७३३ रोजी तरंगमबाडीच्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये आरोनला लुथरन पद्धतीने दीक्षा मिळाली. भारतातला हा पहिला प्रोटेस्टंट पाळक. त्याच्याकडे मायावरमचा भाग सोपवला, म्हणजे मराठी राजाच्याच मुलखातली खेडी. १७४५मध्ये वारेपर्यंत तो त्या भागात पायपीट करत राहिला, आणि त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोलल्याचं दिसत नाही. माणूस खरंच लायक होता. हे आवर्जून सांगतो, कारण पुढचं वाचून आरोनवर राग निघायला नको.

१७४१मध्ये दुसऱ्या पाळकाची वेळ आली तेव्हा राजनायकनचं नाव पुढे होतं. दीक्षा मिळाली दियोगोला. राजनायकनबद्दल मिशनऱ्यांनी युरोपला जे कळवलं त्याचा मथितार्थ असा: तो उत्तम आहे, त्याच्या कामावर आशीर्वाद आहे, पण तो परैयर आहे. त्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायला वरच्या जातीचे ख्रिस्ती तयार होणार नाहीत, आणि मग त्या संस्काराचाच मान कमी होईल.

म्हणजे त्याच्या अभ्यासात, चारित्र्यात किंवा वक्तृत्वात काही कमी नव्हतं. नडला तो त्याचा हात. त्या चर्चमध्ये बसण्याच्या जागाही जातीनुसार वेगळ्या होत्या. वेळ्ळाळ चटईवर, परैयर उघड्या जमिनीवर. लूथरने सांगितलं होतं की बोलावणं मंडळीच्या संमतीने यावं. इथे संमती विचारली गेली ती चटईवर बसलेल्यांची. ‘लोकांना चालणार नाही’ हे वाक्य तुम्ही घर भाड्याने देताना, लग्न जमवताना ऐकलं असेल. ते किती जुनं आहे आणि किती सभ्य आवाजात बोललं जातं, ते इथे दिसतं. मिशनरी काही दुष्ट नव्हते. राजनायकनवर त्यांचं प्रेमही होतं. फक्त निर्णय त्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी घेतला.

मराठी मुलखात याचाच पडसाद शंभरेक वर्षांनी उमटला. महाराष्ट्रात लुथरन थोडेच. तिथे स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनचा जोर. १८५४मध्ये अहमदनगरला अमेरिकन मिशनने हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा दिली. दोघेही जन्माने ब्राह्मण, आणि दोघांनीही धर्मांतरापायी घरदार, नातीगोती गमावलेली. त्यांचं धैर्य कमी लेखायचं कारण नाही. पण त्या भागात चर्चमध्ये येणाऱ्यांत महार आणि मांग समाजातली माणसंच पुढे फार मोठ्या संख्येने होती. पहिली नावं कुणाची लागली, ते मात्र नोंदवून ठेवायला हवं.

तंजावरकडे परत येऊ, कारण तिथे एक वेगळं टोकही आहे. क्रिस्टियान फ्रीड्रिश श्वार्ट्झ हा प्रशियातला तरुण हालेला शिकला, १७४९मध्ये कोपनहेगनला दीक्षा घेऊन १७५०मध्ये भारतात आला. तमिळ तर तो शिकलाच, पण तंजावरच्या दरबारात बोलता यावं म्हणून मराठीही शिकला. कोपनहेगनच्या परीक्षेत हा विषय नक्कीच नव्हता! तुळजाराजांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी याला त्याच्या देखरेखीखाली सोपवलं. पुढे ग्रंथालयामुळे नावाजलेले सरफोजी राजे ते हेच. ते शेवटपर्यंत हिंदूच राहिले, पण १७९८मध्ये श्वार्ट्झ वारल्यावर त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. त्यात मरणाऱ्या पाळकाचा हात राजाने हातात घेतलाय. तंजावरला गेलात तर श्वार्ट्झच्या चर्चमध्ये ते बघा. देऊळ आणि ग्रंथालय बघून झालं की तासभर निघतो.

या श्वार्ट्झनेच १७९०मध्ये सत्यनाथन या तमिळ उपदेशकाला तंजावरात लुथरन पद्धतीने दीक्षा दिली, आणि सत्यनाथनचं प्रवचन लंडनला इंग्रजीत छापून निघालं. तोवर आरोननंतर आणखी काही तमिळ पाळक झाले होते: दियोगो, १७४९मध्ये अंब्रोज, मग इतर.

राजनायकन १७७१मध्ये वारला. चाळीसहून अधिक वर्षं तो उपदेशकच होता. लोकांना त्याने प्रभुभोजनासाठी तयार केलं, आणि त्या दिवशी भाकर-प्याला हातात घेऊन उभा राहायला दुसरं कुणीतरी यायचं.