पितळी पुंगळीतली रिकामी जागा

काडतूस म्हटलं की आपल्याला शाळेतला इतिहास आठवतो. १८५७, एनफिल्ड रायफल, चरबी, मंगल पांडे... आणि थोडक्यात उत्तरे द्या! आज मात्र काडतुसांची दुसरीच गोष्ट सांगायची आहे. हत्ती, रानरेडा, वाघ अशा मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी गेल्या सव्वाशे वर्षांत जी काडतुसं बनली, त्यांची. या विषयातल्या दर्दी लोकांमध्ये 'जुनं भारी की नवं' हा वाद अखंड चालू असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा अध्याय संपला, आणि उत्तमच झालं. मला बंदुकीचा शौक नाही. पण या वादात इंजिनियरिंगचा एक असा धडा दडलाय की लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी थोडं बेसिक. काडतुसाचे भाग चारच: पितळेची पुंगळी, तिच्यात दारू, बुडाला टोपी आणि तोंडाशी गोळी. टोपीवर घाव बसला की दारू पेटते, वायूचा दाब तयार होतो आणि गोळी नळीतून सुटते. पुंगळी फुगून नळीला घट्ट बसते आणि दाब उतरला की किंचित आकसते, म्हणून ती बाहेर काढता येते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकात काळी दारू होती. ती गोळीला फार वेग देऊ शकत नाही, म्हणून ताकद वाढवायची तर गोळीच मोठी करायची. आफ्रिकेत हत्तीमागे जाणारे लोक 'फोर बोअर' नावाचं धूड वापरत. एका पौंड शिशाच्या चारच गोळ्या होतील एवढं त्याचं तोंड, म्हणजे एकेक गोळी ११० ग्रॅमच्या वर! वर धूर इतका, की बार उडवल्यावर हत्ती पडला की आपल्याच दिशेनं येतोय ते दिसायचं नाही.

१८८९ मध्ये ब्रिटिशांनी कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आणली आणि चित्र पालटलं. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बीनं .४५० नायट्रो एक्सप्रेस काढलं. गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे साधारण ३१ ग्रॅम, आणि वेग सेकंदाला ६५५ मीटर. दुनळी रायफलीतून असल्या दोन गोळ्या लागोपाठ झाडता येत.

पण कॉर्डाइटला एक खोड होती. तापमान वाढलं की दाबही वाढायचा. इंग्लंडच्या थंडीत व्यवस्थित चालणारं काडतूस मे महिन्यातल्या मध्य प्रांतात किंवा सुदानमध्ये भलताच दाब देणार. आणि दाब फार वाढला की ती फुगलेली पुंगळी नळीत अडकून बसते. समोर जखमी वाघ आणि बंदूक उघडत नाही! (प्रॉडक्शन सर्व्हर पडल्यावर आपण जी धावपळ करतो ती यापुढे काहीच नाही.)

यावर त्या काळच्या कारागिरांनी काढलेला तोडगा एकदम साधा होता. पुंगळीच मोठी करायची. आत जागा भरपूर ठेवायची, म्हणजे मुळातला दाब कमी राहील आणि उन्हानं थोडा चढला तरी धोक्याच्या रेषेपर्यंत जाणार नाही. .४५० ची पुंगळी सव्वातीन इंच, म्हणजे जवळजवळ ८३ मिलिमीटर लांब आहे. कागदावर बघितलं तर हे डिझाइन उधळं वाटतं. प्रत्यक्षात ती रिकामी जागा म्हणजे उन्हाळ्याची तरतूद होती.

यात मग राजकारण घुसलं. .४५० चं काडतूस लोकप्रिय होत असतानाच, १९०७ च्या सुमारास, इंग्रज सरकारनं या कॅलिबरची काडतुसं हिंदुस्थान आणि सुदानमध्ये आणायला बंदी घातली. कारण? सरकारी मार्टिनी-हेन्री रायफलींचं कॅलिबर तेच होतं. चोरीला गेलेल्या अशा रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, आणि शिकारीच्या काडतुसातल्या गोळ्या काढून त्या रायफलींना वापरतील ही भीती. १८५७ ला पन्नास वर्षं होत आली तरी धसका गेलेला नव्हता!

लंडनच्या बंदूकवाल्यांची चांगलीच पंचाईत झाली, कारण हिंदुस्थान हे मोठं गिऱ्हाईक. मग प्रत्येकानं कॅलिबर जरासं इकडेतिकडे करून आपापलं काडतूस काढलं. हॉलंड अँड हॉलंडचं .५००/४६५, जोसेफ लँगचं .४७०, वेस्टली रिचर्ड्सचं .४७६. काम सगळ्यांचं जवळपास सारखंच. आज एखाद्याला या याद्या बघून वाटतं, बापरे, केवढं हे वैविध्य! यातलं बरंचसं एका सरकारी नियमाला दिलेली बगल आहे. (आणि अशा नियमांची सवय लागते. सैन्याचं .३०३ नागरिकांना बंद, म्हणून आपल्याकडे आयुध निर्माणीनं .३१५ ची वेगळी स्पोर्टिंग रायफल बनवली. इंग्रज गेले, नियमाची चाल राहिली.)

दुनळी रायफल हातानं घडवलेली, त्यामुळे किंमत संस्थानिकांना परवडेल अशी. स्वस्त पर्याय म्हणजे जर्मन माउझरची बोल्ट अॅक्शन. तिच्यासाठी रिग्बीनं १९११ मध्ये .४१६ आणि हॉलंडनं १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम काढलं. ही दोन्ही आजही 'जुनी' म्हणून ज्यांची नावं आदरानं घेतली जातात त्यात आहेत. दोन्हींत तीच जुनी शहाणी सवय होती, पुंगळी ऐसपैस आणि दाब बेताचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्य आटोपलं आणि ब्रिटिश कारखान्यांत एकेक काडतूस बंद पडू लागलं. रायफल आहे पण काडतूस मिळत नाही अशी अवस्था. ही पोकळी भरायला अमेरिकन आले. १९५६ मध्ये विंचेस्टरनं .४५८ मॅग्नम आणलं. ५०० ग्रेनची गोळी, जुन्या .४५० च्या तोडीचा वेग, आणि पुंगळी फक्त अडीच इंच! म्हणजे ६३ मिलिमीटर. साध्या लांबीच्या, कारखान्यात बनणाऱ्या रायफलीत ते बसत होतं. दुनळीच्या किमतीच्या एका अंशात हत्तीची बंदूक! आफ्रिकेतल्या वनखात्यांनी आणि व्यावसायिक शिकाऱ्यांनी ते धडाधड घेतलं.

हे आपल्या भाषेत उत्तम ऑप्टिमायझेशन. जुन्या पुंगळीतली 'वाया' जाणारी जागा काढून टाकली. दारू आता कॉर्डाइट नव्हती, त्यामुळे जागेची गरज संपली असा हिशेब. पण एवढ्या छोट्या जागेत तेवढा वेग मिळवायचा तर दारू अक्षरशः ठासून भरावी लागते. ठासलेली दारू उष्ण हवेत बरीच वर्षं पडून राहिली की तिचे गठ्ठे व्हायचे, मग ती नीट पेटायची नाही. शिवाय जाहिरातीतला वेग प्रत्यक्ष रायफलीतून कमीच मिळायचा. अमेरिकेतल्या टेस्टिंगमध्ये पास, आफ्रिकेतल्या प्रॉडक्शनमध्ये फेल!

१९५९ मध्ये मोझांबिकमध्ये जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला जखमी रानरेड्यानं उडवलं. हातात .४५८ होतं आणि ते रेड्याला थांबवू शकलं नव्हतं. लॉट वाचला आणि कामाला लागला. १९७१ मध्ये त्यानं .४५८ लॉट तयार केलं. त्यात केलं काय? पुंगळी २.८ इंच केली, बस्स. काढून टाकलेली जागा परत आणली.

म्हणजे जुनं तेच सोनं का? तसंही नाही. १९८८ मध्ये आलेलं .४१६ रेमिंग्टन बघा. रिग्बीच्या .४१६ एवढंच काम ते बारीक पुंगळीत करतं, पण दाब चौरस इंचाला सुमारे ६२ हजार पौंड, जिथे रिग्बीचा ४७ हजार. सुरुवातीला उन्हात पुंगळ्या चिकटतात अशी कुरकुर झाली. पण पुढे तापमानानं फारशा न बदलणाऱ्या दारू आल्या आणि जुन्या मोठ्या पुंगळीमागचं मूळ कारणच विरघळत गेलं. २००७ मध्ये हॉर्नाडी आणि रुगर यांनी मिळून .३७५ रुगर काढलं. जुन्या .३७५ च्या बुडाशी एक पट्टा असतो. यांनी तो काढला आणि सगळी पुंगळीच त्या पट्ट्याच्या जाडीची केली. लांबी कमी झाली, साध्या रायफलीत बसलं आणि आतली जागा कमी न होता थोडी वाढली! .४५८ वाल्यांनी जागा छाटली होती, यांनी ती दुसरीकडून मिळवली. फरक आहे तो इथे.

आता एवढी चिकित्सा कशाला, जनावर तर शेवटी नेमानं पडतं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. 'करामोजो' बेल या स्कॉटिश माणसानं हस्तिदंतासाठी हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे ७ मिलिमीटरच्या किरकोळ काडतुसानं. कवटी करवतीनं कापून त्यानं मेंदू कुठे असतो ते बघून ठेवलं होतं. हे काडतूस मूळ जर्मन. बोअर युद्धात इंग्रजांनी त्याच्या गोळ्या खाल्ल्या आणि मग .२७५ रिग्बी असं इंग्रजी बारसं करून तेच विकलं. जिम कॉर्बेटनं १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो याच .२७५ नं.

पण ती रायफल त्याला बक्षीस मिळाली होती १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारल्याबद्दल. त्या वाघिणीनं नेपाळ आणि कुमाऊँमध्ये मिळून ४३६ माणसं मारली होती. कॉर्बेटनं तिचा जबडा तपासला तेव्हा उजवीकडचे वरचा आणि खालचा सुळा तुटलेले होते. जुन्या गोळीची जखम. नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली असं कॉर्बेटनं लिहिलंय. गोळी मारणारा निघून गेला. किंमत दिली ती गवत कापायला, सरपण आणायला रानात गेलेल्या बायकांनी, ज्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नसेल.

म्हणून पुंगळीतली ती 'फालतू' जागा मला फालतू वाटत नाही. ज्यानं ती ठेवली त्याला लंडनमध्ये बसून मे महिन्यातलं ऊन आठवत होतं. ती काढायला कुणाचीच हरकत नाही, रुगरवाल्यांनी ते करून दाखवलंच. फक्त काढण्याआधी ती कुणासाठी ठेवली होती एवढं विचारायचं. कारण हिशेब चुकला तर समोर उभा असतो तो माणूस डिझायनर कधीच नसतो.