मुदत एक वर्ष, कोणीच न लिहिलेली

सुमारे ८,७६० तास बाकी. २०२३चा पूर्वार्ध. युनिसुपर हा ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठ कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंड. सहा लाखांवर सभासद, सुमारे सव्वाशे अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा कारभार. या ग्राहकासाठी गूगल क्लाउडवर एक नवं प्रायव्हेट क्लाउड, म्हणजे फक्त त्याच्यासाठी राखलेली संगणक-व्यवस्था, उभारायचं होतं. क्षमता ठराविक जागीच हवी होती, म्हणून गूगलच्या माणसांनी एक अंतर्गत टूल वापरलं. माहिती भरली. एक रकाना कोरा राहिला.

सात-बारावर ‘इतर हक्क’ कोरा दिसला की शेतकऱ्याला हायसं वाटतं, बोजा नाही म्हणून. सॉफ्टवेअर मात्र कोऱ्या रकान्यात पदरचं काहीतरी भरून टाकतं. इथे त्याने भरलं: मुदत एक वर्ष, मुदत संपताच आपोआप डिलीट. ग्राहकाचं काम मजेत सुरू झालं आणि घड्याळही.

याच काळात आपल्याकडे गावोगावच्या विकास सोसायट्या संगणकावर आणायचं काम चाललं होतं. केंद्राने जून २०२२मध्ये त्याला मंजुरी दिली होती: ६३ हजार सोसायट्या, २,५१६ कोटी रुपये, नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांना एकच क्लाउड सॉफ्टवेअर. नगर जिल्ह्यात, म्हणजे प्रवरानगरच्या कारखान्यापासून सहकारात मुरलेल्या मुलखात, या सॉफ्टवेअरवर सोसायटीचं खातं उघडताना गटसचिवाचं लक्ष कुठे असणार? सभासद, शेअर्स, येणं कर्ज, आरंभीची शिल्लक. बरोबरच आहे, रुपयाचा फरक पडला तर लेखापरीक्षक मानगुटीवर बसतो. ‘हे खातं कधीपर्यंत?’ आणि ‘दुसरी प्रत कुठे?’ या रकान्यांना असा कोणी वाली नसतो. गूगलकडेही नव्हता.

तीन ते पाच हजार तास बाकी. २०२३ची शेवटची तिमाही. ते अंतर्गत टूल निकालात निघालं. त्याचं काम आता पूर्ण स्वयंचलित झालं. टूल गेलं, त्याने लिहिलेली मुदत राहिली. मला विचाराल तर खरा अपघात इथे झाला. हत्यार मोडीत काढणाऱ्याने त्यातून झालेली जुनी कामं एकदा चाळली असती, तर पुढचं काही घडलंच नसतं.

७२० तास बाकी. एप्रिल २०२४. ग्राहकाने स्वतः डिलीट करायला सांगितलं असतं, तर आधी सूचना गेली असती. इथे ग्राहकाने काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे सूचनाही नाही.

२४ तास बाकी. १ मे. महाराष्ट्र दिनाची सुटी, नगर-शिर्डीत लोकसभेच्या प्रचाराची धामधूम. युनिसुपरमध्ये नेहमीचा कामाचा दिवस.

शून्य. २ मे २०२४. प्रायव्हेट क्लाउड पुसलं गेलं. ते दोन झोनमध्ये पसरलेलं होतं, पण डिलीटचा हुकूम अख्ख्या क्लाउडला होता. एक झोन बिघडला तर दुसरा सावरतो, ही सोय बिघाडासाठी असते. सगळंच पुसण्याच्या हुकमापुढे ती चालत नाही. सभासदांना आपलं खातं दिसेना. पैसे सुरक्षित होते, पण आयुष्यभराची शिल्लक पडद्यावर दिसत नसेल, तर ‘सुरक्षित’ शब्दावर भरवसा ठेवणार किती? सायबर हल्ल्याची शंका आलीच. हल्ला नव्हता.

शून्यानंतर सहा दिवस. युनिसुपरचे पीटर चुन आणि गूगल क्लाउडचे थॉमस कुरियन यांचं संयुक्त निवेदन आलं. असं पूर्वी कुठल्याही ग्राहकाच्या बाबतीत घडलं नव्हतं, हा त्यातला मुख्य मुद्दा. तारलं ते बॅकअपने: युनिसुपरने एक प्रत दुसऱ्या कंपनीकडेही ठेवली होती, आणि गूगलच्याच वेगळ्या साठवणीतल्या प्रतीही शाबूत होत्या.

१३ मेला नगर-शिर्डीचं मतदान उरकलं, तरी युनिसुपरकडे जुळवाजुळव चालूच होती. १५ मेपर्यंत सेवा पूर्ववत झाली.

मेअखेरीस गूगलने सविस्तर खुलासा केला, तेव्हा कोऱ्या रकान्याची गोष्ट बाहेर आली. आपोआप डिलीट करणारी ती वागणूक दुरुस्त केली आणि बाकीची सगळी प्रायव्हेट क्लाउडं माणसं बसवून तपासली. अशी मुदत लागलेलं दुसरं एकही निघालं नाही, असं गूगलचं म्हणणं.