तबकडी नाही, तिकीट

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य शिरलं, लावणीला सिनेमाची चाल लागली आणि दंडार हे मूळचं लोकनाट्य बिघडलं, अशी हळहळ नागपूरपासून मुंबईपर्यंत ऐकू येते. ती खोटी नाही, पण तिच्यात एक गृहीत दडलेलं आहे: कुठल्याशा काळी गाण्याचं एक शुद्ध मूळ होतं आणि नंतर त्यात भेसळ झाली. हे गृहीत तपासायला अमेरिकेचं उदाहरण उपयोगी पडतं, कारण तिथे मुळांचा शोध घेणाऱ्या संगीताचा मोठाच पंथ उभा राहिला. १९६८ साली आलेला ‘द बँड’चा ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ हा त्या पंथाचा गाजलेला अल्बम. अमेरिकी मातीचा म्हणून तो वाखाणला गेला. पण तो वाजवणाऱ्या पाच जणांपैकी चौघे कॅनडाचे होते, आर्कान्साचा एकटा लेव्हॉन हेल्म.

ही माती त्या पिढीपर्यंत पोचली ती बरीचशी तबकड्यांवरून. १९२७च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीर टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी यंत्रं घेऊन गेला आणि कार्टर कुटुंब, जिमी रॉजर्स यांची गाणी मुद्रित करून आला. तबकडीच्या एका बाजूला मावतील तेवढी, सुमारे तीन मिनिटं. कंपन्यांनी काळ्यांच्या गाण्यांची यादी वेगळी केली, गोऱ्या डोंगरी लोकांची वेगळी. प्रत्यक्षात दोघं एकमेकांचं गात होते. फाळणी झाली ती दुकानाच्या सोयीसाठी. १९५२ साली संग्राहक हॅरी स्मिथने अशाच बाजारू तबकड्यांतली ८४ गाणी निवडून संच काढला आणि पुढच्या पिढीने तोच पूर्वजांचा ठेवा मानला. म्हणजे ज्याला मूळ म्हटलं जातं, त्याचं बरंचसं रूप विक्रीच्या गणिताने ठरवलेलं होतं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात बाजार होताच, पण निराळा. धान कापून हातात पैसा आला की दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि रात्री नाटक लागतं. हंगाम थेट होळीपर्यंत चालतो. पुढे या नाटक कंपन्यांचं केंद्र देसाईगंज म्हणजे वडसा झालं, त्यामागे नाट्यप्रेमाइतकाच रेल्वेचा हात असावा: बरीच वर्षं गडचिरोली जिल्ह्यातलं ते एकमेव स्टेशन होतं. गावची मंडळी वडशाला येऊन नाटक ठरवतात, तिकीट लावतात, आणि खेळ रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत जातो. रात्रभर बसलेल्या गर्दीला तीन मिनिटांचा नमुना पुरत नाही. तिला पदही हवं, लावणीही हवी, विनोदही हवा, रडूही हवं. म्हणून दंडारीचा नाच, खडी गंमत या लोकनाट्यातला शाहीर, संगीत नाटकाची पेटी आणि सिनेमाची चाल यांना एकाच मांडवात जागा मिळाली. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका असा त्यांचा हिशेब सांगितला गेला. हा आकडा एखाद्या संग्रहालयाने जपलेल्या कलेचा असूच शकत नाही. तो धंद्याचा आकडा आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, मिसळण झाली हे खरं, पण त्यात दंडार स्वतंत्र राहिली का? पुष्कळ गावांतून ती मागे पडली हे मान्य करावं लागेल. मात्र तिला ऑक्टोपॅडने मारलं म्हणणं हा सोपा निवाडा झाला. दंडारही सणासुदीला, गावच्या जमावासाठीच होती. जमावाची आवड बदलली तशी तिची माणसंही नव्या मंचाकडे वळली. ती जशीच्या तशी उरावी असा आग्रह धरणारा तिला नकळत तबकडीचाच नियम लावतो. याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. पीरच्या यंत्राने कापाकापी केली, पण आवाज ठेवला. पुण्या-मुंबईच्या बालगंधर्वांची पदं तबकड्यांवर उरली. झाडीतल्या जुन्या गळ्यांचा असा साठा नाही. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडारीवर लिहिलं, या इथल्या बोलीला मान मिळवून दिला, म्हणून निदान कागद तरी आहे. पण ढोलकीचा ठेका कागदावर उतरत नाही. तिकिटाने परंपरा चालती ठेवली आणि कालची रात्र पुसून टाकली, हे दोन्ही एकदमच खरं आहे.

शिवाय तिकिटानेही निवड केलीच. वडशाहून निघणारी नाटकं मराठी, झाडीबोली समजणाऱ्या धानाच्या गावांची. दक्षिणेला एटापल्ली-भामरागडकडे जंगल दाट होतं, गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांची वस्ती लागते. तिथला रेला हा नाच फेर धरून, गाणारे आणि ऐकणारे असा भेद न करता चालतो. जिथे सगळेच नाचतात तिथे तिकीट कुणाला विकणार? त्यामुळे झाडीपट्टीच्या मंचाने दंडारीला, लावणीला, सिनेमाला घरात घेतलं. रेल्याला मात्र त्या मांडवात तसा शिरकाव मिळाला नाही. तबकड्यांच्या धंद्यात फाळणी यादी करून झाली, इथे वगळणूक कुणी न ठरवताच झाली, आणि म्हणूनच तिच्याबद्दल हळहळणारेही फारसे भेटत नाहीत.